मलम कोणतं ते नंतर, आधी फरशीचं बोला

गणपती, दिवाळी आणि मे महिना. लोक कोकणात, गावाला, माहेरी निघाले की त्यांचे ससे माझ्याकडे राहायला येतात. आमचा फ्लॅट कोथरूडला तळमजल्यावर आहे, मागे चार कुंड्या आणि हरळी माजलेली एक पट्टी आहे, आणि बँकेतून निवृत्त झाल्यापासून मला सकाळची बस पकडायची नसते. मुलीने हौसेने आणलेला ससा ती नोकरीसाठी बंगळूरला गेल्यावर मागे राहिला, तिथून हा उद्योग सुरू झाला. सासूबाई त्याला 'सशांचं पाळणाघर' म्हणतात. नवरा काहीच म्हणत नाही, फक्त चार्जरच्या वायरी उचलून वर ठेवतो.

पाहुणा आला की बाकी काही विचारायच्या आधी मी त्याचे मागचे तळवे बघते. आणणाऱ्यांना याचं नवल वाटतं. वर्ष-वर्ष ससा पाळलाय, कान साफ करतात, फोटो काढतात, पण तळवा कधी उलटून बघितलेला नसतो. आणि ज्यांनी बघितलेला असतो त्यांचा फोन असा असतो:

“काकू, याच्या पायाला खालून लाल झालंय. कोणतं मलम लावू?”

“बसतो कशावर?”

“म्हणजे?”

“दिवसभर पायाखाली काय असतं त्याच्या?”

“पिंजऱ्यात असतो ना तो.”

“पिंजऱ्याला खाली काय आहे?”

“जाळी. पण काकू, मलम...”

मलमाचं नाव मी सांगत नाही, आणि यावरून माझ्यावर रुसलेली माणसं आहेत. पण सशाचा तळवा सोलवटला की दुखणं पायातून आलेलं नसतं, खालून आलेलं असतं. खालचं बदललं नाही तर वरून काहीही चोपडा, आठवडाभराने तोच फोन.

कुत्र्याच्या, मांजरीच्या पंजाला खाली जाड कातडीची गादी असते. सशाला ती नसतेच. त्याच्या तळव्याखाली आहेत ते फक्त दाट केस, आणि केसांच्या वर लगेच पातळ कातडी, कातडीवर हाड. आपण पाळतो त्या सशाचे पूर्वज मूळचे स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळं खणून राहणारे, गवतावर आणि भुसभुशीत मातीवर पळणारे. तशा जमिनीत नखं रुततात आणि अंगाचा भार बोटांपासून टाचेपर्यंत नीट वाटला जातो. टणक फरशीवर नखं रुतणार कुठे? ती बोटांना वर ढकलतात, भार मागे सरकतो आणि टाचेजवळच्या एकाच ठिकाणी तासन्‌तास पडून राहतो. दाबामुळे तिथलं रक्त नीट फिरत नाही, केस झिजतात, कातडी लाल होते, मग जाड होते, मग फुटते. फुटलेल्या जागेतून जंतू आत शिरतात, बहुतेक वेळा आपल्या सगळ्यांच्याच कातडीवर असणारा स्टॅफिलोकोकस. तिथेही दुर्लक्ष झालं तर पू हाडापर्यंत जातो, टाचेवरचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, जागचा सरकतो, आणि मग तो ससा पुन्हा कधी धड उडी मारत नाही. डॉक्टर याला पोडोडर्मटायटिस म्हणतात, ससे पाळणारे सोअर हॉक्स म्हणतात. बहुधा मागच्याच पायांना होतं. पुढच्या पायांना दिसलं तर समजावं की मागे दुखतंय म्हणून तो भार पुढे टाकतोय.

यात एक गोची आहे. ससा दुखतंय असं सांगत नाही. ज्याला सगळेच खायला बसलेत तो लंगडून दाखवणं परवडत नाही म्हणून गप्प बसतो. त्यामुळे बारीक गोष्टी बघाव्या लागतात. बसल्या बसल्या सारखा पाय बदलतोय का, पळायचं सोडून चालतोय का, कोपऱ्यात पाठ फिरवून दात करकरतोय का, उचलायला गेलं की पूर्वी नव्हता असा अंगावर येतो का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खाणं कमी झालंय का. दुखण्याने सशाचं खाणं थांबतं, खाणं थांबलं की आतडं थांबतं, आणि दहा-बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्याही टाकल्या नाहीत, तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रात्र असली तरी.

तळवा बघायचा कसा? इंटरनेटवर लोक सशाला उताणं पाडून हिप्नोटाइझ केल्याचे व्हिडिओ टाकतात, तसलं काही करू नये. तो शांत झालेला नसतो, भीतीने थिजलेला असतो. त्यात मध्येच लाथ झाडली तर सशाच्या मागच्या पायात इतका जोर असतो की त्याचाच मणका मोडू शकतो. मी जमिनीवर मांडी घालून बसते, सशाची पाठ माझ्या पोटाला लागेल असा घेते, एक हात छातीखाली, एक बुडाखाली, आणि किंचित मागे रेलते. नवरा तोंडातून एक अक्षर न काढता मोबाईलवर फोटो घेतो. याहून सोपं म्हणजे दुपारी ससा पाय मागे फेकून पसरतो, तेव्हा तळवे आपसूक वर येतात. तेव्हा लांबूनच झूम करून फोटो काढावा. काचेचं टीपॉय असेल तर त्यावर क्षणभर उभं करून खालून बघितलं की भार नेमका कुठे पडतो तेही दिसतं, पण दोन्ही हात धरून ठेवा, काच निसरडी असते.

केस बाजूला करून बघितलं की टाचेशी एक छोटी, टक्कल पडल्यासारखी जागा बहुतेक सगळ्या मोठ्या सशांना असते. कोरडी, गुळगुळीत, फिकट गुलाबी आणि वर आजूबाजूच्या केसांचं पांघरूण असेल तर घाबरायचं कारण नाही. तारीख घालून फोटो ठेवा आणि दर आठवड्याला ताडून बघा. जागा वाढतेय, रंग गडद होतोय, खपली धरलीय, सूज आहे, ओलसर आहे, हात लावला की पाय ओढून घेतो, यातलं एक जरी असलं तर फोन मला नाही, डॉक्टरांना. आणि तळव्याचे केस पिवळे, चिकट दिसले तर ससा मुताच्या ओलीत बसतोय, हे ओळखायला डॉक्टर लागत नाही.

आता ढब्बूचं सांगते.

ढब्बू गणपतीच्या आदल्या आठवड्यात वारज्याहून आला. पांढरा, लाल डोळ्यांचा, न्यूझीलंड व्हाइट. दुकानदाराने देताना 'मिनी आहे, एवढाच राहतो' म्हणून सांगितलं होतं, आणि आला तेव्हा मिनीचा साडेचार किलो झाला होता. बरोबर पिंजराही आला. खाली तारेची जाळी, जाळीखाली ओढायचा ट्रे, सगळं लख्ख. दुकानदार याच पिंजऱ्याची भलामण करतात: लेंड्या खाली पडतात, ससा वर स्वच्छ राहतो. जोडपं भलं होतं, अगदी लाडाकोडाने सांभाळलेला. वाटी भरून पेलेट (दुकानात मिळणारं गोळ्यांचं खाणं), सकाळी गाजर, संध्याकाळी मारी बिस्कीट. गवत मात्र चवीपुरतं.

उलटून बघितलं तर दोन्ही तळव्यांचे केस चपटे आणि पिवळे, उजव्या टाचेवर लाल चट्टा आणि डाव्या टाचेवर रुपयाच्या नाण्याएवढी काळपट खपली. खपलीच्या कडेने किंचित ओल. जाळीचे चौकोन तळव्यावर उमटलेले अजून दिसत होते. मी फोन केला तेव्हा ते दोघं गुहागरला पोचले होते. “काकू, तुम्हाला योग्य वाटेल ते करा,” म्हणाले, आणि बिचारी रात्रभर झोपली नसावीत, कारण सकाळी सहाला परत फोन.

ससे बघणारे डॉक्टर पुण्यात आहेत, पण प्रत्येक दवाखान्यात नाहीत. जायच्या आधी फोन करून 'ससे बघता का' हे सरळ विचारावं, त्यात कुणाला वाईट वाटत नाही. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाड शाबूत निघालं. खपलीखालचा नमुना तपासायला पाठवला. दुखणं कमी करायला मेलॉक्सिकॅम दिलं, त्याचं प्रमाण वजनावर ठरतं, ते त्यांनीच ठरवायचं. जखम सलाइनने पुसायची, मग त्यांनी सांगितलेलं पातळ क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक, मग गॉजने टिपून अगदी कोरडं करायचं. खपली ओढायची नाही. सगळं लिहून देऊन ते म्हणाले, “ताई, औषध मी दिलंय, पण बरा तो तुमच्या घरातल्या फरशीवर होणार आहे.”

घरी आल्यावर पिंजरा बाल्कनीत गेला आणि ढब्बू गोधडीवर.

गोधडीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण परदेशातून मागवलेल्या गाद्यांवर लोक हजारो रुपये घालवतात आणि घरच्या माळ्यावर गोधड्या पडून असतात. सासूबाई जुन्या सुती लुगड्यांच्या गोधड्या शिवतात, सहा-सात पदर आणि बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर धावदोरा. हे पदर दाबले की बसतात आणि सोडले की थोडे उठतात. कापड झिजून झिजून मऊ झालेलं असतं म्हणून तळव्याला घासत नाही, आणि टाक्यांमुळे जे उंचसखल होतं त्यात नखं अडकत नाहीत पण टेकतात. सुती असल्याने ओल शोषते आणि सशाने थोडं कुरतडलं तरी नायलॉनइतकी धास्ती नाही. तरी कापड गिळतोय असं दिसलं तर ती गोधडी काढायचीच, पोटात बोळा अडकू शकतो. 'माझी गोधडी सशाला?' असं पहिल्या दिवशी म्हणणाऱ्या सासूबाई आता त्याच्यासाठी मुद्दाम दोन बाय तीन फुटाच्या छोट्या शिवतात. कडेला दोरा लोंबता ठेवत नाहीत, कारण नख अडकून एका सशाचं नख उपटलेलं त्यांनी पाहिलंय.

कुठलाही पृष्ठभाग चालेल की नाही याची माझी परीक्षा एकच. उघडा गुडघा टेकून त्यावर पाच मिनिटं बसा. नातवंडांशी खेळायला बसल्यासारखं बसा, मोबाईल बघा. गुडघा बोलायला लागला तर सशाची टाचही बोलतेय, फक्त तिला आवाज नाही. या परीक्षेत जाळी लगेच नापास होते. व्हिट्रीफाइड टाइल नापास, आणि तीवर ससा घसरतोही. वर्तमानपत्राचे चार पदर नापास, ते ओल शोषतात पण टणकपणा तसाच राहतो. काथ्याचं पायपुसणं तर खरवडणीच, ते कुणीतरी 'नैसर्गिक आहे' म्हणून घातलेलं मी पाहिलंय. सिंथेटिक कार्पेट हाताला मऊ लागतं, पण ससा त्यावर जोरात वळला की घासून चटका बसतो. गोणपाट खरखरीत. टर्किश टॉवेल मऊ आहे, पण त्याच्या धाग्यांच्या कड्यांत नख अडकतं. जाड सुती सतरंजी एकटी पुरत नाही, खाली दुमडलेली चादर घातली तर चांगली.

गोधडी नसेल तर पेंढा. मावळ-मुळशी भाताचा मुलूख, पेंढा मिळवणं अवघड नाही. फक्त थर वीतभर जाड हवा, पातळ थरात काड्यांची कापलेली टोकं उलट टोचतात. आंब्याच्या पेटीतला पेंढा मात्र वापरू नका. आंबे पिकवायला त्यात काय घातलं होतं हे आपल्याला ठाऊक नसतं आणि ससा तो खाणार हे नक्की. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून भुसा आणायचा असेल तर देवदार-पाइनसारख्या उग्र वासाच्या लाकडाचा नको, आणि तोही नुसता नको, शीच्या ट्रेमध्ये खाली भुसा आणि वर भरपूर गवत. ट्रेवर बसवायची प्लास्टिकची जाळी विकत मिळते, ती घेऊच नका. ससा शी करता करता गवत खात बसतो, म्हणजे दिवसातला बराच वेळ तो त्या ट्रेमध्येच असतो. घरभर गोधड्या घालून ट्रेमध्ये जाळी ठेवली तर काय उपयोग?

ढब्बूचं वजन हा दुसरा भाग. जाड ससा कमी हलतो, एकाच जागी बसतो, टाचेवर जास्त भार टाकतो, आणि पोट आड येतं म्हणून खालचं अंग चाटून साफही करू शकत नाही, म्हणजे ओलीत बसतो. सगळी कारणं एकाच्याच अंगी. बिस्कीट पहिल्या दिवशी बंद, गाजर कधीतरी एक चकती. सशाचं अन्न म्हणजे गवत, दिवसभर लागेल तेवढं. पेलेट एक किलो वजनाला रोज २० ते २५ ग्रॅम आणि तेही मोजून. त्यावर कोथिंबीर, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला. मंडईत गाजराचा पाला मागितला की भाजीवाल्या मावशी पैसे घेत नाहीत, उलट 'किती ससे हायेत?' म्हणून चौकशी करतात. पण सशाला उपाशी ठेवून वजन उतरवायचं नाही. एकदम खाणं तोडलं तर त्याच्या यकृतावर येतं. हळूहळू, दर आठवड्याला वजन करत. मी स्वतः वजनकाट्यावर उभी राहते, मग सशाला घेऊन उभी राहते आणि वजाबाकी करते. माझा आकडा मी कुणाला सांगत नाही.

आठवड्याभराने तपासणीचा निकाल आला, डॉक्टरांनी त्याप्रमाणे अँटिबायोटिक दिलं आणि ते बरंच लांबलं. ढब्बूचे आई-बाबा दर शनिवारी भेटायला यायचे. खपली ओढायचा मोह मला नाही, त्याच्या 'बाबां'ना व्हायचा. नवरात्रात ती आपली आपण सुटली, खाली गुलाबी कातडी आलेली. थंडी पडली तेव्हा जागा पूर्ण मिटली होती. मधोमध केस आले नाहीत आणि आता येतील असं डॉक्टरांना वाटत नाही, तिथली कातडी चकचकीत आणि नाजूक राहणार, म्हणजे गोधडी आयुष्यभर. घरी परतल्यावर त्याला एक अख्खी खोली मिळाली. तो लख्ख पिंजरा त्यांच्या बाल्कनीत आहे, त्यात कांदे-बटाटे असतात. हवा छान लागते म्हणे.

औषधांबद्दल आणखी थोडं, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. घरात मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप उरलेलं असतं, ते 'थोडंसं' म्हणून सशाच्या तोंडात घालू नका. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं तोंडावाटे गेली की सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि ससा जुलाबाने दगावू शकतो. हळद-तूप, खोबरेल, कैलास जीवन, यातलं काहीही लावलं तरी तळव्याचे केस चिकटून त्यात धूळ आणि लेंड्यांचा चुरा बसतो, आणि उरलेलं ससा चाटून पोटात घेतो. स्टेरॉइड असलेलं मलम तर अजिबात नको, सशांना ते सोसत नाही आणि जखम भरायची थांबते. डेटॉल नको. बीटाडीन डॉक्टरांनी सांगितलं तर पाण्यात फिक्या चहाच्या रंगाचं होईपर्यंत पातळ करून, आणि नंतर कोरडं. सशाला अंघोळ घालू नका, नुसते पाय भिजले तरी दाट केस आतून कितीतरी वेळ ओले राहतात.

पट्टीचं पण तसंच. बाळाचे लोकरी मोजे घालून, वर रबर बँड लावून आणलेला एक ससा माझ्याकडे आला होता. दिसत होता गोड. मोजे मुतात भिजलेले, रबर बँडखाली पाय सुजलेला. पट्टी बांधायची तर डॉक्टरांनी, आणि ती ओली झाली की त्याच दिवशी बदलायची. ज्याला हे जमणार नाही त्याने पट्टीपेक्षा जाड, कोरडी गोधडी बरी.

आणखी एक. पर्शियन मांजरीच्या बोटांमधले केस कापतात म्हणून एका ग्रूमिंगवाल्याने मनुकाच्या तळव्याचे केसही साफ भादरले होते. मनुका रेक्स जातीची, मखमलीसारखी दिसणारी. या जातीचे वरचे राठ केस मुळातच आखूड असतात, त्यामुळे तळव्याचं पांघरूण पातळ असतं, आणि तेही काढून टाकलेलं. सशाच्या तळव्याचे केस कुणालाही कापू देऊ नका. कापायची ती नखं, चार ते सहा आठवड्यांनी. पांढऱ्या नखात आतली लाल शीर दिसते, काळ्या नखाला मागून टॉर्च धरावा लागतो. शिरेच्या अलीकडे थांबायचं. रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरा. लांब नखांनी बोटं वर उचलली जातात हे वर सांगितलंच, म्हणून मी पाहुण्यांची नखं न विचारता कापते.

पुण्याची हवा या कामात दोनदा आडवी येते. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि सशाला तिशीच्या पुढेच त्रास व्हायला लागतो. त्याला घाम येत नाही, कानांतून जेवढी उष्णता जाईल तेवढी. मग लोक म्हणतात, “काकू, गोधडी घातली की तो उठून फरशीवरच जातो.” जाऊ दे ना! ऊन झालं म्हणून फरशीवर आडवा पसरलेला ससा तळव्यावर नसतो, कुशीवर किंवा पोटावर असतो. त्या वेळी फरशी त्याची मित्र आहे. त्रास होतो तो तासन्‌तास बसून राहण्याने आणि उड्या मारण्याने. म्हणून सगळी खोली मढवायची नाही. एक शहाबादी फरशीचा तुकडा उघडा, वर पंखा, शेजारी कापडात गुंडाळलेली बर्फ झालेली पाण्याची बाटली. ट्रे, गवताची जागा, लपायचं खोकं आणि त्यांच्यामधली वाट, हे सगळं मऊ. तो कुठे बसतो आणि कुठून पळतो हे चार दिवस बघितलं की कुठे घालायचं ते कळतं.

पावसाळा जास्त वाईट. जुलैत काहीच वाळत नाही. गोधडी वरून कोरडी वाटते आणि आतल्या पदरात ओल असते. हाताचा पालथा भाग मिनिटभर दाबून ठेवला की गार ओल जाणवते, जाणवली की बदला. मशीनमध्ये पिळून, पंख्याखाली, आणि शेवटी इस्त्री. आमच्याकडे गोधड्या आळीपाळीने फिरतात. खाली जुने पाट ठेवते, म्हणजे फरशीची ओल वर चढत नाही. प्लास्टिक घातलं तर मूत मध्येच साचतो. फरशीवर मुताचा जो पांढरा थर धरतो तो कॅल्शियमचा असतो, व्हिनेगरने निघतो. आणि पावसाळ्यात माश्या. घाण लागलेल्या बुडाखाली किंवा उघड्या जखमेवर माशीने अंडी घातली तर एका दिवसात अळ्या होतात आणि ससा हातचा जातो. या दिवसांत आठवड्याला नाही, रोज उलटून बघायचं.

त्यातच ढोल. गणपतीच्या आधी दोन महिने नदीकाठी पथकांचा सराव सुरू होतो, आणि वारा इकडचा असला की आमच्या हॉलमध्ये ताशाचा प्रत्येक ठोका येतो. घाबरलेला ससा मागचे पाय जमिनीवर आपटतो, बाकीच्यांना सावध करायला. मातीवर आपटणं वेगळं आणि टाइलवर संध्याकाळभर आपटणं वेगळं, नाजूक टाच त्यानेही दुखावते. मला स्वतःला ढोल आवडतो, मुलगी पथकात होती. पण सराव सुरू झाला की मी सशांना आतल्या खोलीत हलवते, खिडक्या लावते, आणि खोक्यात दोन गोधड्यांची घडी घालते.

या वर्षी दिवाळीसाठी विचारणा सुरू झालीय, म्हणून इथेच सांगून ठेवते. पिंजरा आणू नका, माझ्याकडे जागाही नाही आणि मी तो वापरणारही नाही. घरचं गवत आणि पेलेट आणा, खाणं एकदम बदलत नाही. तो ज्यावर झोपतो ते कापड न धुता आणा, नव्या घरी ओळखीचा वास लागतो. चालू औषधाची चिठ्ठी हवी. येण्याआधी दोन्ही तळव्यांचा उजेडात काढलेला फोटो पाठवा, फ्लॅश न मारता. लाल दिसलं तर आधी डॉक्टरांकडे जाऊन या, मग आपण तारखांचं बोलू.